गज जागेवरच राहू दे

अमेरिकी यादवी युद्धातल्या लढाया हौसेने पुन्हा उभ्या करणाऱ्या मंडळींचा एक नियम आहे : समोर माणसांची फळी असताना ठासणीच्या बंदुकीचा गज बाहेर काढायचा नाही. गजाने ठासणे ही १८६१ च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीच्या कवायतीतली सर्वांत ओळखीची हालचाल, आणि नेमकी तीच गाळायची. डगल्याच्या गुंड्या त्या काळच्याच हव्यात म्हणून हट्ट धरणारी ही माणसे इथे इतिहासाला मुरड घालतात, आणि अगदी योग्य करतात. घाईगर्दीत नळीत विसरलेला पोलादी गज गोळीसारखाच सुटतो.

गोळी नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत फार घातक आहे. कागदी काडतुसात नुसती दारू असली तरी नळीच्या तोंडातून आगीचा लोळ आणि जळते कण उडतात. जवळच्या माणसाचे डोळे त्याने जाऊ शकतात. म्हणून नळी डोक्यांच्या वर रोखतात. मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक हत्यार तपासतात. गज नळीत सोडला आणि खणखणीत आवाज आला तर नळी मोकळी. बद्द आवाज आला तर आत काहीतरी आहे. ही तपासणी म्हणजे उपचार नव्हे. १९९८ साली गेटिसबर्गच्या लढाईच्या १३५ व्या स्मरणप्रयोगात पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि एका हौशी सैनिकाच्या मानेत शिरली. तो वाचला.

तोफेला तर घाई अजिबात चालत नाही. बार झाल्यावर नळीत निखारा राहू शकतो. ओला बोळा फिरवायचा, तो फिरेपर्यंत तोफेचा कान, म्हणजे बार पेटवण्याचे छिद्र, अंगठ्याने बुजवून धरायचा आणि पुढचा बार भरण्याआधी काही मिनिटे थांबायचे. प्रेक्षक कंटाळले तरी थांबायचे.

संध्याकाळी खरी कसोटी लागते. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग राख आणि क्षार होऊन नळीत चिकटतो. ते क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंडाला लगेच गंज धरतो. नुसत्या तेलाने ते विरघळत नाहीत. नळी गरम पाण्यानेच धुवावी लागते, मग कोरडी करून तेलाचा हात. जो थकल्या अंगाने हे करत नाही, त्याच्या हाती बंदूक देऊ नये.

हे सारे बहुधा नव्या प्रतिकृतींवर चालते. अस्सल हत्याराची गोष्ट वेगळी. आपल्याकडे दसऱ्याला जुनी तलवार पॉलिशपेपरने घासून चकचकीत करतात, तेव्हा पात्यावरची कारागिराची खूणही घासली जाते. मऊ फडके आणि तेलाचा पातळ थर पुरे. जुनी ठासणीची बंदूक प्रदर्शनात मांडताना तर ती रिकामी आहे असे कधीच गृहीत धरू नये. बंद जागी कोरडी राहिलेली काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनंतरही पेटते : २००८ मध्ये व्हर्जिनियात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना झालेल्या स्फोटात एका संग्राहकाचा जीव गेला. बंदुकीच्या तोंडासमोर न उभे राहता नळीत काठी सोडावी, तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून पाहावी. काठी कानापर्यंत पोहोचत नसेल, तर ती बंदूक प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायची नाही, जाणकाराला बोलवायचे.