कुठे उतरायचे?

दसरा उलटला की आमच्या घरचा फोन खणखणू लागतो. नाशिकला राहण्याची ही शिक्षाच आहे म्हणा ना! वर्षभर ज्यांना आमची आठवण होत नाही अशा आप्तेष्टांना सोने लुटून झाले की आमची सय येते. दोन वाक्यांत विचारपूस आटोपते आणि मंडळी मुद्द्यावर येतात. "वहिनी, दिवाळीच्या सुटीत तुमच्याकडे यायचं म्हणतोय. तुमच्याकडे म्हणजे तुमच्या घरी नव्हे हो! तिकडे तळ्याकाठी, द्राक्षांच्या मळ्यांत. कुठं उतरावं, तेवढं सांगा."

मॅट्रिकच्या शिदोरीवर मी एका खेड्यातल्या खाजगी शाळेत मुलांना शिकवते, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. हॉटेलांची दलाली हा काही माझा व्यवसाय नव्हे. परंतु प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा एकदाच काय ते छापून टाकावे आणि फोनचा त्रास वाचवावा, असे मी ठरवले आहे. माझे उत्तर पुष्कळांना आवडणार नाही. तरी फराळाचे ताट समोर असताना माणूस जरा क्षमाशील असतो, त्या भरवशावर लिहिते.

आमच्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. नाशिकला येणारा माणूस पंचवटीत आपल्या क्षेत्रोपाध्यायांकडे उतरे. आडनाव, गाव सांगितले की गुरुजी जुनी वही काढीत आणि तुमच्या पणजोबांच्या हातची नोंद दाखवीत. उतरायचे कुठे, हे पणजोबांनीच ठरवून ठेवलेले असे. खोलीत ढेकूण असतील, पाणी विहिरीतून शेंदावे लागत असेल. पण आपण कोणाकडे आलो आहोत हे पाहुण्याला ठाऊक होते, आणि कोण आले आहे हे यजमानाला.

मग काळ पालटला. २००० साली इथल्या मळ्यांतल्या द्राक्षांची नव्या जमान्यातली वाइन बाटलीत भरून बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाचे धोरण काढले. पुढे गंगापूर धरणाच्या आसपास आणि दिंडोरीच्या वाटेवर वाइनचे कारखाने, त्यांची अतिथिगृहे, मग नुसतीच अतिथिगृहे, अशी रांग लागली. तीर्थाला येणारे अजून येतातच. पण दुसऱ्याच तीर्थासाठी येणारे वाढले. मी त्यांना नाक मुरडत नाही. कोणी काय प्यावे हा या लेखाचा विषय नाही. माझा वाद पेल्याशी नाही, खिडकीशी आहे.

ही खिडकी जाहिरातीतली. ज्या खोलीतून पाणी दिसते तिचे भाडे जास्त, ज्या खोलीतून दिसत नाही तिचे कमी. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, 'लेक व्ह्यू'. आमच्या शाळेतल्या एका पोराने ती पाटी वाचून मला विचारले होते, "बाई, इथं कोणाची लेक दाखवतात?" मी त्या दिवशी खूप हसले होते. पुढे एकदा ते हसू माझ्या अंगाशी आले, ते सांगतेच.

प्रथम या तळ्याविषयी. आम्ही इथली माणसे त्याला तळे म्हणत नाही, धरण म्हणतो. शहराच्या पश्चिमेला दहा-पंधरा किलोमीटरवर गोदावरीला मातीचा बांध घालून हे गंगापूर धरण झाले. काम पुरे झाले १९६५ साली. नाशिकचे लोक पाणी पितात ते मुख्यतः याचे. नदी पुढे जायकवाडीला जाते, तेव्हा या पाण्यावर मराठवाड्याचाही हक्क आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असला, तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २०१५, २०१८ आणि २०२३ साली दिवाळीच्याच आगेमागे ते सोडावे लागले, आणि दर वेळी मोर्चे, निवेदने, कोर्टकचेऱ्या झाल्या. तुम्ही ज्याच्याकडे पाहत चहा पिता ते पाणी दोन प्रदेशांच्या काळजीचा विषय आहे. माझ्या आजोळची चार बिघे जमीनही त्याच पाण्याखाली आहे. आई शेवटपर्यंत धरणाकडे पाठ करून बसायची. देखावा हा शब्द तिला कधी सुचला नाही.

आता द्राक्षांविषयी. दिवाळीत द्राक्षे पाहायला येणाऱ्या मंडळींना मी हात जोडून सांगते, दिवाळीत द्राक्षे नसतात! आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, ती फळासाठी. तेथून पुढे सुमारे चार महिन्यांनी घड तयार होतो. म्हणजे खरी द्राक्षे जानेवारी ते मार्च. दिवाळीला तुम्हांला दिसतील त्या तारेला बांधलेल्या उघड्या काड्या, नाहीतर नुकती फुटलेली कोवळी पाने. आणखी एक गोष्ट. जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षे खाण्याची, थॉमसनसारखी बिनबियांची. वाइनची जात निराळी. फळ लहान, साल जाड, आत बी. तिचा वाटा थोडा. म्हणजे या मुलखाला 'वाइनचा मुलूख' म्हणणे हे एका दुकानावरून गावाचे नाव ठेवण्यासारखे आहे.

हे सगळे ठाऊक असूनही दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी स्वतः अशाच एका पाण्याकाठच्या ठिकाणी दोन रात्री राहिले. ठिकाणाचे नाव सांगत नाही. सांगण्यात अर्थही नाही, कारण ते एकटेच तसे आहे असे नव्हे. वन्सं आणि भावोजी पुण्याहून आले होते. भावोजींनी आमचीही खोली धरली. "वहिनी, नेहमी तुम्ही रांधता, या वेळी आयतं जेवा," म्हणाले. माणूस दिलदार, नाही कशी म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हिरवळीवर बसलो होतो. कुंपणाच्या तारेपलीकडे एका मळ्यात छाटणी चालली होती. बाया छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत होत्या. ते औषध असते, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. हाताला लागले तर बाधते, म्हणून हातमोजे घालायचे असतात. कुणाच्या हातांत होते, कुणाच्या नव्हते. भाचे मंडळी "द्राक्षं कुठायत?" म्हणून कटकट करत होती. तेवढ्यात तारेपाशी एक मुलगी धावत आली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "बाई!"

माझ्या वर्गातली होती ती. घरची माणसे सुरगाण्याकडची. द्राक्षांची कामे निघाली की सुरगाणा, पेठ भागातली आदिवासी कुटुंबे इकडे मजुरीला उतरतात. मी 'उतरतात' म्हणते खरी. मळ्याच्या कडेला कागदाचे छप्पर घालून किंवा एका खोलीत तीन बिऱ्हाडे करून राहतात. सोबत मुले येतात. हंगामापुरती आमच्या शाळेत बसतात, आणि काम सरले की हजेरीपटावर नुसती नावे उरतात. ही पोर सुटी लागायच्या आधीच चार दिवस वर्गात आली नव्हती. धाकटा भाऊ तिच्या कडेवर होता.

रखवालदार पुढे झाला. त्याने हातातली काठी हलवली आणि "चल, हो मागं, पाहुणे बसलेत," म्हणाला. पोर माझ्याकडे पाहत राहिली. मला म्हणायला हवे होते, "अहो, ती माझी विद्यार्थिनी आहे." मी म्हटले नाही. भावोजींचे पाहुणे म्हणून बसले होते, भोवती परकी माणसे होती, अंगावर नवी साडी होती. कारणे काय हवी तेवढी देता येतात. पोर मागे सरली आणि काड्यांच्या ओळीत दिसेनाशी झाली.

लेक दाखवतात म्हणे! आम्हांला दिसली होती. आम्ही हाकलू दिली.

सुटीनंतर ती शाळेत आली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. तिला काही कळले नाही. "बाई, तुमची साडी लई छान होती," एवढेच ती म्हणाली.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. आपण उतरण्याची जागा निवडतो तेव्हा नुसता पलंग आणि न्याहारी निवडत नाही. आपण तारेच्या कोणत्या बाजूला बसणार, आणि आपल्यासाठी कोणाला मागे सारले जाणार, तेही निवडतो. ज्या जागेची सारी किंमत बाहेरच्या माणसाला दूर ठेवण्यात आहे, तिथे राहून तुम्ही मुलूख पाहिला असे म्हणू नका. खोली पाहिली म्हणा.

यावर भावोजींचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते. ते म्हणतात, "वहिनी, या जागांमुळे इथल्या पोरांना नोकऱ्या लागल्या. नाहीतर तीही मुंबईला गेली असती." खरे आहे. माझेच दोन विद्यार्थी तिथे वाढप्याचे काम करतात, आणि पगार वेळेवर मिळतो असे सांगतात. ते म्हणतात, "वर्षभर राबणाऱ्या माणसाला दोन दिवस शांतता हवी असते." हेही खरे. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या आजीला, ओल्या बाळंतिणीला वाड्याचा जिना चढवा असे मी म्हणणार नाही. पण शांतता हवी तर कोणाला हाकलले पाहिजेच, हे कोणी ठरवले? आणि ज्यांना नोकऱ्या लागल्या ती मुले सुटीच्या दिवशी आपल्या आईबापांना घेऊन त्या हिरवळीवर बसू शकतात का, एवढे भावोजींनी एकदा विचारून पाहावे.

मग उतरायचे कुठे? नुसता निषेध करून पाहुण्याला रस्त्यावर सोडणे आपल्या रीतीत बसत नाही. तेव्हा ऐका.

पहिल्यांदा येत असाल तर जुन्या नाशकात उतरा. रविवार कारंजा, पंचवटी, भद्रकालीच्या आसपास साध्या लॉजा आहेत, धर्मशाळा आहेत. पहाटे गोदाघाटावर जा. भांडीबाजारातून चालत या. ज्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह मांडला, ते दार मुलांना दाखवा. कोणाला आत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हा प्रश्न या गावात नवा नाही. तिथून धरण आणि मळे तासाभराच्या आत आहेत. पाहा आणि परत या. पाण्याच्या उशाशी निजलेच पाहिजे असे नाही.

द्राक्षेच पाहायची असतील तर दिवाळीत येऊ नका, फेब्रुवारीत या. दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाड या बाजूला एखाद्या बागाईतदाराकडे उतरा. कृषी पर्यटनाचे सरकारी धोरण २०२० साली झाले आहे, आणि पाहुणे ठेवणारे शेतकरी आहेत. मात्र पैसे रोख आणि पुरते द्या. 'गावाकडचा पाहुणचार' म्हणून फुकट जेवू नका. काढणीच्या दिवसांत त्या घरच्या बाईला श्वास घ्यायला सवड नसते. आणि मजुरांच्या पोरांशी आपल्या पोरांना खेळू द्या.

पाणीच पाहायचे असेल, तर निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी जुना बंधारा आहे. मागच्या पाणथळीत परदेशांहून पक्षी येऊन उतरतात. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ते. तिथल्या पाहुण्यांनी अजून कोणाला मागे सरायला सांगितलेले नाही.

आणि कुठेही उतरलात तरी खोली ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा. इथे राबणारी माणसे रात्री कुठे झोपतात? हे पाणी येते कुठून? आणि आमच्या ओळखीचे कोणी कुंपणापाशी आले, तर त्याला आत घेता का? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळणार नाही कदाचित. तिसऱ्याला मिळते, माणसाच्या चेहऱ्यावरच मिळते.

यंदाही वन्संचा फोन आला. मी वरचे सारे त्यांना ऐकवले. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "बरं बाई, तुझ्या घरीच येतो. पण गाद्या आहेत ना पुरेशा?"

गाद्या आहेत. नाहीत म्हटले तर शेजारी आहेत. चकल्या मात्र येताना वन्संनी करून आणायच्या आहेत, आणि जरा जास्तच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गातल्या, सुटीतही इथेच मळ्यावर राहिलेल्या मुलांना घरी फराळाला बोलावले आहे. भावोजींना वाढायला उभे करणार आहे.