२-१४ : अठरा नंबर नसतानाचा सीझन

सॉफ्टवेअरवाल्यांचा एक जुना आणि जरा क्रूर विनोद आहे. तुमच्या टीममधल्या किती लोकांना उद्या बसने उडवलं तर प्रोजेक्ट झोपेल? उत्तर 'एक' असेल तर प्रोजेक्टची अवस्था बिकट समजायची. याला म्हणतात 'बस फॅक्टर'. गंमत अशी की तो 'एक' जो कोणी असतो, तो स्वतःला ऑफिसातला सगळ्यात सुरक्षित माणूस समजत असतो. माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही, मला कोण काढणार?

आता या 'मला कोण काढणार'चं इतकं स्वच्छ उत्तर मी अमेरिकन फुटबॉलच्या एका सीझनखेरीज कुठेही पाहिलेलं नाही. इंडियानापोलिस कोल्ट्स, २०११. सोळा सामने, दोन विजय, चौदा पराभव.

ज्यांचा अमेरिकन फुटबॉलशी संबंध सुपर बोलच्या जाहिरातींपुरता आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा मेंदू. जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातात बॉल येऊन सुरू होते. क्रिकेटमध्ये एकच माणूस कॅप्टन असेल, प्रत्येक बॉलला स्ट्राइकवरही तोच असेल, तर जे होईल तसं काहीतरी. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक होता पेटन मॅनिंग, जर्सी नंबर १८. १९९८ साली ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरने उचललेला. तेव्हापासून २०१० पर्यंत त्याने नियमित सीझनचा एकही सामना चुकवला नाही. सलग २०८! या १३ सीझनपैकी ११ मध्ये टीम प्लेऑफमध्ये. २००३ ते २००९ सलग सात वर्षं दरवर्षी किमान १२ विजय. फेब्रुवारी २००७ मध्ये शिकागो बेअर्सला २९-१७ असं हरवून सुपर बोल. चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

पण आकड्यांपेक्षा त्याची कामाची पद्धत जास्त महत्त्वाची. बहुतेक टीम्समध्ये चाल कोच ठरवतो, ती हेडफोनमधून येते आणि क्वार्टरबॅक ती राबवतो. मॅनिंगचं तसं नव्हतं. कोच टॉम मूर पर्याय पाठवायचे आणि मॅनिंग लाइनवर उभा राहून, समोरच्यांचा बचाव वाचून, हातवारे आणि आरडाओरडा करत शेवटच्या क्षणी चाल ठरवायचा. सरावातले जवळपास सगळे स्नॅपही तोच घ्यायचा. बॅकअप क्वार्टरबॅकच्या वाट्याला क्लिपबोर्ड. थोडक्यात, अख्खी सिस्टिम एका माणसाच्या डोक्यात होती आणि डॉक्युमेंटेशन शून्य. आणि चालत होती ना झकास! मग कोण कशाला हात लावतोय?

२०११ च्या मे महिन्यात मॅनिंगच्या मानेचं ऑपरेशन झालं. नेमकं तेव्हा लीगमध्ये मालक विरुद्ध खेळाडू असा लॉकआउट चालू होता, त्यामुळे जुलैच्या अखेरीपर्यंत खेळाडूंना टीमच्या आवारात जाता येत नव्हतं. लॉकआउट उठल्यावर कोल्ट्सने त्याला पाच वर्षांचा, ९ कोटी डॉलरचा करार दिला. माणूस ३५ वर्षांचा, मानेतल्या नसेमुळे फेकायच्या हातातली ताकद कमी झालेली. तरी करार. कारण पर्याय काय होता? सप्टेंबरमध्ये मानेवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि सीझन संपला. त्याचा, आणि खरं तर टीमचासुद्धा.

पर्याय म्हणून ऑगस्टच्या शेवटी कोणाला आणलं? केरी कॉलिन्सला. वय ३८, आणि गृहस्थ नुकतेच रिटायर झाले होते! पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनने हाफ टाइमला ३४-० केलं, शेवट ३४-७. तीन सामन्यांत कॉलिन्सच्या डोक्याला मार बसून तो बाहेर. मग कर्टिस पेंटर, मग डॅन ऑर्लोव्स्की. ऑक्टोबरमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सने रविवारी रात्री, अख्ख्या देशाच्या टीव्हीसमोर, ६२-७ असं धुतलं. बासष्ट! पहिले तेरा सामने ओळीने हरल्यावर १८ डिसेंबरला पहिला विजय मिळाला.

आता इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. २०१० मध्ये टीमने ४३५ पॉइंट केले होते, २०११ मध्ये २४३. हे एकवेळ समजू शकतं, क्वार्टरबॅकच नाही म्हटल्यावर आक्रमण ढेपाळणारच. पण बचावसुद्धा कोसळला, आणि मॅनिंग तर बचावात खेळतच नव्हता! कारण टीमची बांधणीच अशी होती की मॅनिंग आधी आघाडी मिळवून देणार, मग प्रतिस्पर्ध्याला पास टाकावेच लागणार, आणि मग ड्वाइट फ्रीनी आणि रॉबर्ट मॅथिस त्यांच्या क्वार्टरबॅकच्या मागे धावणार. आघाडीच नसेल तर समोरचा कशाला पास टाकतोय? तो आरामात बॉल घेऊन पळतो आणि घड्याळ संपवतो. म्हणजे जो मोड्यूल मॅनिंगवर अवलंबून आहे असं कोणाला वाटलंही नव्हतं, तोही त्याच्यावरच उभा होता. प्रॉडक्शन सर्व्हर बंद पडल्यावरच अशी डिपेन्डन्सी कळते.

'स्टार जखमी झाला, टीम हरली, यात नवल काय?' असं कोणी म्हणेल. तर २००८ चे न्यू इंग्लंड पेट्रियट्स बघा. २००७ ला १६-०. पुढच्या सीझनच्या पहिल्याच सामन्यात टॉम ब्रेडीचा गुडघा गेला. त्याच्या जागी मॅट कॅसल आला, ज्याने हायस्कूलनंतर एकदाही क्वार्टरबॅक म्हणून सामना सुरू केलेला नव्हता. सीझन संपला ११-५ वर. प्लेऑफ थोडक्यात हुकला, पण टीम टीमच राहिली. ब्रेडी काही मॅनिंगपेक्षा कमी महत्त्वाचा नव्हता. फरक होता तो सभोवतालच्या रचनेत.

आता मुख्य मुद्दा. २-१४ हे मॅनिंगच्या मोठेपणाचं सगळ्यात जबरदस्त प्रमाणपत्र आहे. एकही बॉल न टाकता त्याने आपली किंमत सिद्ध केली. मग पुढे काय व्हायला हवं होतं? पायघड्या?

झालं उलटंच. या लीगमध्ये सगळ्यात वाईट टीमला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळतो. आणि त्या वर्षी स्टॅनफर्डचा अँड्र्यू लक बाहेर पडत होता. सेंट लुइस रॅम्सही २-१४ च होते, पण नियमाप्रमाणे पहिला नंबर कोल्ट्सकडे आला. मॅनिंगला मार्चमध्ये २ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस द्यायचा होता, आणि त्या वर्षी अख्ख्या टीमच्या पगाराची मर्यादाच होती १२ कोटींच्या आसपास. एका बाजूला शंकास्पद मानेचा, छत्तिशीला टेकलेला महान खेळाडू. दुसऱ्या बाजूला २२ वर्षांचा, स्वस्त, आणि त्या पिढीतला सर्वोत्तम समजला जाणारा मुलगा. ७ मार्च २०१२ ला मालक जिम अर्से आणि मॅनिंग एकाच पत्रकार परिषदेत शेजारी उभे राहिले आणि दोघांचेही डोळे भरून आले. त्याच आठवड्यात डॅलस क्लार्क, जोसेफ अडाई, गॅरी ब्रॅकेट हे जुने शिलेदारही गेले. टीम उभी करणारे बिल पोलियन आणि कोच जिम कॉल्डवेल तर जानेवारीतच गेले होते.

म्हणजे बघा, टीम त्याच्याशिवाय थोडी बरी खेळली असती, समजा ७-९, तर पहिला नंबर मिळाला नसता, लक मिळाला नसता, आणि मॅनिंग बहुधा राहिला असता. तो इतका अपरिहार्य होता म्हणूनच त्याला जावं लागलं. खड्डा इतका खोल पडला की बुजवण्यापेक्षा तिथेच नव्या इमारतीचा पाया घालणं सोपं झालं.

कोल्ट्स चुकले का? माझ्या मते निर्णय बरोबर होता. मॅनिंगने डेन्व्हरला जाऊन २०१३ मध्ये ५५ टचडाउनचा विक्रम केला, फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल जिंकला आणि मग रिटायर झाला, हे मान्य. पण मार्च २०१२ मध्ये त्या मानेवर कोण पैज लावणार होतं? आणि लकने पहिली तिन्ही वर्षं ११-५ दिली. चूक पुढे झाली. एवढा महागडा धडा मिळूनही टीमने नवा मॅनिंग आणला आणि जुनीच रचना ठेवली. पुन्हा सगळा भार एकावर. त्याचं रक्षण करणारी फळी कच्ची, म्हणून तो मार खात राहिला. खांदा गेला, किडनीला इजा झाली, २०१७ चा अख्खा सीझन बाहेर. २४ ऑगस्ट २०१९ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, सीझन तोंडावर असताना लक रिटायर झाला. बातमी फुटली तेव्हा स्टेडियममध्ये सामना चालू होता आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर २०२३ पर्यंत पाच सीझनच्या सुरुवातीला पाच वेगळे क्वार्टरबॅक. मेंदू बदलला, शरीर तेच!

यातून आपण काय घ्यायचं? आपल्यातल्या बऱ्याच जणांना 'मीच करू शकतो' या वाक्याची नशा असते. रात्री दोनला फोन येतो, आपण चरफडत उठतो, आणि मनातून सुखावतो. पण कंपनी एका माणसावर अवलंबून असते तेव्हा ती त्याच्यावर प्रेम करत नसते, तिला त्याची भीती वाटत असते. आणि भीतीवर कुठलीही शहाणी कंपनी एकच उपाय करते : पहिली संधी मिळताच सुटका. मॅनिंगला तरी पुढे डेन्व्हर होतं आणि २०१७ मध्ये इंडियानापोलिसच्या स्टेडियमबाहेर पुतळाही उभा राहिला. आपला कोणी पुतळा उभारणार नाहीये :-)

तेव्हा जे डोक्यात आहे ते लिहून ठेवा. ज्युनिअरला चार स्नॅप घेऊ द्या, एखादा सामना हरला तरी चालेल. आणि येत्या वर्षात दोन आठवड्यांची खरी सुट्टी घ्या, लॅपटॉप घरी ठेवून. परत आल्यावर काम सुरळीत चाललेलं दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका. ती ११-५ ची टीम आहे, आणि पुढच्या सीझनला ब्रेडी त्याच टीममध्ये परत आला होता.