दयालसिंगांचे मृत्युपत्र आणि वृत्तपत्राची मालकी

चंदीगडहून निघणाऱ्या ‘ट्रिब्यून’ या दैनिकाच्या संस्थापकाने हे शहर कधी पाहिले नाही. सरदार दयालसिंग मजिठिया १८९८ साली निवर्तले, तेव्हा चंदीगड अस्तित्वातच नव्हते. २ फेब्रुवारी १८८१ रोजी लाहोरला सुरू झालेले हे इंग्रजी पत्र १९४७ च्या फाळणीत तेथून उखडले गेले आणि सिमला व अंबाला येथे मुक्काम करून १९६९ मध्ये चंदीगडला आले.

दयालसिंग हे जन्माने सरंजामी वर्गाचे. त्यांचे वडील लहनासिंग हे रणजितसिंगांच्या दरबारातील मातबर सरदार. परंतु इंग्लंडचा प्रवास, ब्राह्मो समाजाची सुधारणावादी शिकवण आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचा सहवास यांतून त्यांची दृष्टी घडली. १८९३ च्या लाहोर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. अधिवेशनाचे अध्यक्ष होते दादाभाई नौरोजी. पुढे स्वदेशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या पंजाब नॅशनल बँकेचे ते पहिले अध्यक्ष झाले. उगवत्या राष्ट्रीय भांडवलदार वर्गाच्या आकांक्षा या कार्यात स्पष्ट दिसतात.

तथापि, त्यांचे खरे मोठेपण १८९५ च्या मृत्युपत्रात आहे. महाविद्यालय, ग्रंथालय व वृत्तपत्र यांसाठी त्यांनी आपली बहुतांश मालमत्ता विश्वस्तांच्या स्वाधीन केली. ते निपुत्रिक होते, मग त्यात त्याग तो कोणता, असे कोणी म्हणेल. पण निपुत्रिक सरदार सहसा दत्तक घेऊन जहागिरी राखतात. दयालसिंगांनी ती समाजाला दिली. कुटुंबीयांनी या मृत्युपत्राला आव्हान दिले. ब्राह्मो विचारांचा शीख कायद्याने हिंदू ठरतो काय, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. अखेर मृत्युपत्र टिकले आणि वृत्तपत्र कोणाच्याही खाजगी तिजोरीत गेले नाही. १९१९ च्या लष्करी कायद्यात संपादक कालीनाथ रॉय तुरुंगात गेले, तरी पत्र जगले.

येथेच एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ‘ट्रिब्यून’च्या केवळ महिनाभर आधी पुण्यात ‘केसरी’ निघाला, तो मराठीत. सोबत इंग्रजीत ‘मराठा’ होता. त्याहीपूर्वी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला, तो शेतकरी-कष्टकऱ्यांची बाजू त्यांच्याच भाषेत मांडण्यासाठी. पंजाबचा शेतकरी मात्र ‘ट्रिब्यून’ वाचू शकत नव्हता. राज्यकर्त्यांना जाब विचारणारे पत्र राज्यकर्त्यांच्याच भाषेत बोलत होते. या संस्थेची पंजाबी व हिंदी दैनिके निघाली ती १९७८ साली, म्हणजे तब्बल ९७ वर्षांनी.

तेव्हा वृत्तपत्र कोणाचे, हा प्रश्न दुहेरी आहे. त्याची मालकी कोणाकडे आहे आणि ते कोणाच्या भाषेत, कोणासाठी बोलते, या दोन्ही कसोट्यांवर ते तपासले पाहिजे. दयालसिंगांनी पहिल्या कसोटीचे उत्तर दिले. दुसरीचे त्यांच्या काळाला व वर्गाला देता आले नाही. आज अनेक मोठी वृत्तपत्रे व वाहिन्या जनतेची भाषा सफाईने बोलतात, पण त्यांची मालकी मूठभर उद्योगसमूहांच्या हाती आहे. म्हणजे प्रश्न उलटा झाला आहे, सुटलेला नाही. म्हणूनच एका सरदाराचे सव्वाशे वर्षांहून जुने मृत्युपत्र आजही वाचण्याजोगे आहे. जे शब्द जनतेच्या नावाने छापले जातात, त्यांचा छापखाना वारसाहक्काची वा नफ्याची वस्तू असता कामा नये, एवढे तरी ते निःसंशय सांगते.