निळा पडदा आणि अठ्ठेचाळीस आकडे

या सदरात आपण रोग, किडी आणि खतांच्या मात्रा यांविषयी बोलतो. या खेपेचा विषय जरा आडवळणाचा आहे, परंतु ज्या घरात लॅपटॉप आला आहे त्या घराने तो वाचून ठेवावा.

गोडी छाटणीनंतर डोळे कसे फुटताहेत ते पाहण्यासाठी निफाड तालुक्यात एका बागेवर गेलो होतो. बागायतदार ओसरीवरच डोक्याला हात लावून बसलेले. म्हणाले, "साहेब, बाग कुठं पळून जात न्हाई. आधी हे बघा." समोर लॅपटॉप, त्याचा पडदा निळाभोर, आणि त्यावर इंग्रजीत 'रिकव्हरी की' टाका असा हुकूम. निर्यातीच्या बागेतले कोणते औषध कोणत्या तारखेला, किती मात्रेने मारले याची नोंद, मजुरांचा हिशेब, औषधांच्या पावत्या, सारे त्यात होते. सूनबाई हे काम नेटाने करतात. आदल्या रात्री लॅपटॉपने 'बायॉस अपडेट' मागितले, त्यांनी 'हो' म्हटले, आणि सकाळी हा प्रकार. तालुक्याच्या एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता : फॉरमॅट मारावे लागेल.

मी म्हटले, थांबा. फॉरमॅट मारल्यावर लॅपटॉप चालू होईल, नोंदी मात्र कायमच्या जातील.

मी बी.एस्सी. कृषीचा माणूस. संगणक मला कोणी शिकवला नाही, कचेरीच्या कामात ठेचा खात शिकलो. तेव्हा साध्या भाषेत सांगतो. अलीकडच्या विंडोजमध्ये 'बिटलॉकर' नावाची सोय असते. कपाटाला कुलूप असते, तर ते तोडून वही काढता आली असती. येथे वहीतली अक्षरेच अशी बदलून ठेवलेली असतात की किल्लीवाचून ती कोणालाच लागत नाहीत. लॅपटॉपमध्ये 'टीपीएम' नावाची एक चिप राखणदारासारखी बसलेली असते. यंत्राची घडण रोजच्यासारखी दिसली तरच ती किल्ली पुढे करते. बायॉस बदलला, मदरबोर्ड बदलला, 'सिक्युअर बूट' बंद केले, की तिला ओळख पटत नाही. मग ती माणसाकडे किल्ली मागते. यात यंत्र बिघडलेले नसते.

ही किल्ली म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. निळ्या पडद्यावर दिसतो तो 'की आयडी' म्हणजे किल्ली नव्हे, ती किल्लीची खूण आहे. सूनबाई तीच खूण तासभर टाकत बसल्या होत्या, आणि हा घोटाळा पुष्कळांचा होतो.

मी विचारले, "ताई, लॅपटॉप आणला तेव्हा पहिल्यांदा चालू कोणी करून दिला?" उत्तर आले, पुण्याच्या पुतण्याने. बस्स, तेथेच किल्ली होती. ज्याच्या ई-मेलने मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले जाते, त्याच्या खात्यात ही किल्ली सहसा आपोआप साठते. पुतण्याला फोन लावला. त्याने खाते उघडले तर दोन किल्ल्या निघाल्या, एक त्याच्या स्वतःच्या यंत्राची. खुणेची पहिली आठ अक्षरे जुळवून आपली निवडली, आणि तो एकेक गट सांगू लागला.

येथे एक युक्ती लिहून ठेवा. प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. समजा ३४७२१५ हा गट आहे. त्याला ११ ने भागले की ३१५६५ येतात, बाकी उरत नाही. ऐकताना १ चा ७ झाला आणि ३४७२७५ लिहिले, तर भाग जात नाही. आमचा एक गट असाच चुकला होता, मोबाईलवर भागाकार करताच सापडला. गटाच्या आरंभी शून्य असेल तर तेही टाकावे. आठवा गट टाकला आणि लॅपटॉप उघडला. बागायतदारांनी चहा सांगितला तो तेव्हा.

दुसऱ्या एका घरी मात्र मला रिकाम्या हाताने परतावे लागले. खाते मुलाच्या जुन्या ई-मेलवर होते, पासवर्ड कोणाला आठवेना, आणि जोडलेला मोबाईल नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टलासुद्धा पुन्हा तयार करून देता येत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी तेथेही तीच मागणी. तीन वर्षांचा जमाखर्च गेला. घरातल्या आजी विचारत होत्या, नातीच्या बारशाचे फोटो तरी निघतील का? मला 'नाही' म्हणावे लागले. अशा वेळी आगाऊ पैसे घेऊन "किल्लीशिवाय काढून देतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये.

म्हणून लॅपटॉप चांगला चालत आहे तोवरच सर्चमध्ये 'बिटलॉकर' लिहून 'मॅनेज बिटलॉकर' उघडावे. कुलूप चालू असेल तर तेथे किल्लीची प्रत काढण्याची सोय आहे. ती छापून सातबारा, खरेदीखत ठेवता त्या ट्रंकेत ठेवावी. लॅपटॉपच्या पिशवीत मुळीच नको, चोराला दोन्ही एकदम मिळायचे. लॅपटॉप कॉलेजचा वा कंपनीचा असेल, तर किल्ली बहुधा त्यांच्याकडे असते, तेथे विचारावे. दुरुस्तीला टाकताना किंवा बायॉस अपडेटच्या आधी 'बिटलॉकर सस्पेंड करा' असे कारागिराला सांगावे, म्हणजे राखणदार तेवढ्यापुरता गप्प राहतो.

काहीजण म्हणतात, ही कटकटच नको, कुलूप काढून टाकू. लॅपटॉप घराबाहेर जातच नसेल तर माझी हरकत नाही. पण आधार, पासबुक, सातबारा त्यात ठेवून तो एसटीने नेणार असाल तर कुलूप राहू द्यावे. नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच, कुलूप असो वा नसो.

कुलूप काढताना, म्हणजे डिक्रिप्शन चालू असताना, काम तासन् तास चालते. चार्जर लावून ठेवावा. मध्येच वीज जाऊन यंत्र बंद पडले तरी घाबरू नये, पुन्हा चालू केल्यावर राहिलेले काम तेथूनच पुढे सुरू होते. टक्केवारी दिवसभर एकाच आकड्यावर अडली, तर डिस्कचाच काही भाग खराब झाला असण्याचा संभव असतो. तेव्हा फाइली उघडत असतील तोवर आधी त्यांची प्रत काढून घ्यावी आणि मगच डिस्क तपासायला द्यावी.