नकाशा सगळ्यांचा, यंत्रमानव ज्याचा त्याचा



हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. बहुधा लग्नातल्या बँडचा खर्च ऐकून कोणीतरी वडीलधारा हे बोलतो. आज आम्ही ही म्हण एका वेगळ्याच हौसेला लावणार आहोत. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत काही माणसे दिवसभर आपापली नोकरी करतात आणि रात्री जेवण उरकले की घरच्या गॅरेजमध्ये जाऊन यंत्रमानव बनवीत बसतात. विकण्यासाठी नव्हे, कारखान्यासाठीही नव्हे. चित्रपटात पाहिलेल्या एका यंत्रमानवाची हुबेहूब प्रतिकृती करायची आणि ती चाहत्यांच्या संमेलनात नेऊन लेकरांपुढे चालवून दाखवायची, एवढ्यासाठी! एकेका यंत्रमानवाला वर्ष लागते, कधी चार-पाच वर्षेही लागतात.

हा यंत्रमानव म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटातला आर-टू-डी-टू. जॉर्ज लुकस यांचा हा चित्रपट १९७७ साली आला. त्यातली अंतराळातली राजघराणी आणि तलवारबाजी आम्हांला फारशी रुचली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण हा साडेतीन फुटांच्या आसपास उंचीचा, पिंपासारख्या अंगाचा आणि घुमटासारख्या डोक्याचा गडी मात्र आम्हांलाही आवडला. त्याला बोलता येत नाही. तो शिट्ट्या मारतो, किरकिरतो, रुसतो, आणि तरी त्याचे म्हणणे सगळ्यांना कळते. त्याचा आवाज बेन बर्ट या ध्वनिकाराने विजेच्या वाद्यावर काढलेले सूर आणि स्वतःच्या तोंडाने काढलेले तान्ह्या बाळासारखे हुंकार मिसळून तयार केला. चित्रपटात काही वेळा त्याच्या पोटात केनी बेकर नावाचे ठेंगणे नट बसलेले असत. २०१६ साली ते वारले.

मूळ चित्रपटवाल्यांना हा यंत्रमानव नीट चालवता आला नव्हता, ही गंमत पाहा. १९७६ साली ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण चालू असताना दुरून चालवायचे यंत्रमानव हुकूम मानीनात. भलतीकडे जात, अडत, आपटत. काही प्रसंगांत तर त्याला तारेने ओढून वेळ मारून न्यावी लागली. पडद्यावर ते कळत नाही, एवढेच. पैसा आणि नामांकित कारागीर हाताशी असलेल्यांची ही स्थिती, तर पगारदार माणसाने घरी तो बनवून चालवावा, हे शक्य कसे झाले?

आमच्या मते याचे उत्तर एकच. कोणी नकाशा दडवून ठेवला नाही.

१९९९ साली ऑस्ट्रेलियातील डेव्ह एव्हरेट यांनी अशा हौशी लोकांचा 'आर-टू बिल्डर्स क्लब' सुरू केला. तोपर्यंत ज्याला त्याला वाटत असे की असले वेड आपल्या एकट्यालाच आहे. एकत्र आल्यावर त्यांनी पहिले काम मापांचे केले. प्रदर्शनात मूळ यंत्रमानव मांडलेला असला की त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढायचे, चित्रपट थांबवून थांबवून पाहायचा, कुठली फट किती रुंद, कुठली पट्टी किती लांब हे ठरवायचे. त्यावरून रेखाचित्रे तयार झाली. ज्याला यंत्राची रेखाचित्रे येतात त्याने ती काढली, ज्याला वीजकाम येते त्याने तारांची जोडणी लिहून काढली आणि ही सगळी कागदपत्रे सभासदांना मोकळी करून दिली. नवा माणूस येतो, विचारतो आणि जुना माणूस सांगतो. आपल्यातले जे फिटर, टर्नर, वेल्डर बंधू आहेत त्यांना हे विशेष का वाटते, ते सांगायला नको. कारखान्यात एखादा जुना मिस्त्री हातातली खुबी शेवटपर्यंत कोणाला दाखवत नाही आणि निवृत्तीच्या दिवशी ती सोबत घेऊन घरी जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

आम्ही कारकून माणूस. म्हणून आमचे लक्ष यंत्रापेक्षा त्याच्या हिशेबाकडे आधी गेले. तो हिशेबही बघण्यासारखा आहे.

यंत्रमानवाचा घुमट साधारण अठरा इंच व्यासाचा असतो. आपल्याकडे अॅल्युमिनियमची पातेली जशी लेथवर पत्रा फिरवीत साच्यावर दाबून काढतात, तसाच तो काढतात. आता समजा, त्या साच्याला वीस हजार रुपये पडले आणि एका घुमटाच्या पत्र्याला व मजुरीला तीन हजार. एकट्याने करून घेतला तर घुमट तेवीस हजारांना पडेल. तेच चाळीस जणांनी मिळून करून घेतले तर साच्याचे पाचशे आणि घुमटाचे तीन हजार, म्हणजे साडेतीन हजारांत काम होते. आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत, पण पद्धत हीच आहे. एक सभासद पुढाकार घेतो, किती जणांना हवे याची यादी करतो, पुरेशी नावे झाली की पैसे गोळा करून एकदम माल काढून घेतो. कोणी घुमट काढतो, कोणी पाय, कोणी डोळ्याची काच. आपल्या बायाबापड्यांच्या भिशीसारखाच हा परस्परांच्या भरवशावरचा व्यवहार आहे, आणि भरवसा मोडला की काय होते हे भिशी चालवणाऱ्या भगिनींना आम्ही काय सांगावे! यात नफा घ्यायचा नाही, धंदा मांडायचा नाही, असा दंडक आहे. तो पाळला जातो म्हणूनच चित्रपटाचे हक्क असलेल्या कंपनीनेही या मंडळींना आडकाठी केली नाही.

एवढे करूनही पूर्ण अॅल्युमिनियमचा यंत्रमानव हजारो डॉलर खातो. ज्याला ते परवडत नाही तो लाकूड आणि प्लॅस्टिकचे पत्रे वापरतो. पत्रा कापायचा, चिकटवायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. रंग लागल्यावर चार हातांवरून पाहणाऱ्याला धातू कुठला आणि प्लॅस्टिक कुठले ते सांगता येत नाही. अलीकडे संगणकाला जोडलेल्या छपाईयंत्रातून प्लॅस्टिकचे थरावर थर देत भाग 'छापून' काढतात. त्यामुळे ज्याच्या घरी लेथ नाही, वेल्डिंग नाही, असा भाड्याच्या दोन खोल्यांतला माणूसही या कामात शिरला. तिथेही घासण्यातून सुटका मात्र नाही.

अगदीच नवख्याला जुने सभासद सांगतात की बाबा, आधी उंदीर कर. चित्रपटात जमिनीलगत पळणारा एक डबीएवढा काळा यंत्रमानव आहे, त्याला उंदीर म्हणतात. बाजारातली रिमोटची खेळण्यातली गाडी घ्यायची, वरचे टप काढायचे आणि त्यावर आपला डबा बसवायचा. सुट्टीच्या चार दिवसांत होतो.

मोठ्याचे तसे नाही. त्याच्या दोन बाजूंच्या पायांत मोटरी असतात. पुष्कळ जण अपंगांच्या विजेवरच्या खुर्चीच्या किंवा मुलांच्या विजेवरच्या स्कूटरच्या मोटरी वापरतात. मधल्या पायाला नुसती फिरती चाके. दोन्ही मोटरी सारख्या फिरल्या की तो सरळ जातो, एक पुढे आणि एक मागे फिरली की जागच्या जागी गिरकी घेतो. सुकाणू वगैरे काही नाही. खरी डोकेदुखी घुमटाची. घुमट गोल गोल फिरतो आणि त्यात दिवे आहेत, म्हणजे खालून वर वीज न्यायला हवी. साधी तार नेली तर दहा गिरक्यांत ती पिळून तुटेल. म्हणून मध्ये फिरता सांधा बसवतात, ज्यात तार फिरत नाही, फक्त स्पर्शाच्या कड्या फिरतात. जड बॅटरी शक्यतो खाली ठेवतात, नाहीतर उतारावर स्वारी आडवी होते.

आता संमेलनाची तयारी. 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांचे मोठे संमेलन पहिल्यांदा १९९९ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे एका विमान-संग्रहालयाच्या आवारात भरले. तंबू ठोकले होते आणि नेमका पाऊस कोसळला. तेव्हापासून ते वेगवेगळ्या देशांत भरत आले आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते जपानमध्ये चिबा येथे झाले. अशा ठिकाणी यंत्रमानव न्यायचा म्हणजे मुलगी सासरी पाठवण्याइतकी गडबड. प्रवासात हादरे बसून स्क्रू ढिले होतात, म्हणून निघण्यापूर्वी एकूण एक स्क्रू आवळायचा. सुटे फ्यूज, तारा, चिकटपट्टी, पोपडा उडाला तर लावायला निळ्या रंगाची बाटली, हे सगळे पेटीत. घरच्या फरशीवर पळणारा गडी सभागृहातल्या जाड गालिच्यावर दमतो आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून घरीही गालिचा टाकून चालवून पाहायचे. विमानाने जाणाऱ्याची आणखी पंचाईत. १६० वॅट-तासांहून मोठी लिथियमची बॅटरी आपल्या सामानात नेता येत नाही. तेव्हा तिथल्या एखाद्या सभासदाला आधी कळवून तिकडेच बॅटरीची सोय करून ठेवावी लागते.

पण सगळ्यांत महत्त्वाची तपासणी निराळीच आहे. सभागृहात हजारो माणसे, त्यांचे मोबाइल, शेजारी दुसऱ्यांचे रिमोट. या गलबल्यात आपल्या रिमोटचा संदेश क्षणभर तुटला तर? तो तुटताच मोटरी आपोआप थांबल्या पाहिजेत. न थांबल्या तर एका माणसाला न उचलणारा धातूचा गोळा लेकरांच्या घोळक्यात घुसेल. म्हणून जाणते लोक घरी मुद्दाम रिमोट बंद करून पाहतात, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शिवाय वीज तोडण्याचे बटण पटकन हाती येईल असे ठेवतात. झाकणाच्या फटीत मुले बोटे घालतात, त्यासाठी सोबत एक माणूस नुसता पाहात उभा असतो. घरातलीच बायको, भाऊ किंवा मोठा मुलगा हे काम करतो. फोटोत तो कधी नसतो.

चालवणारा स्वतः गर्दीत मिसळून उभा राहतो, रिमोट पिशवीत किंवा जाकिटाखाली. चार वर्षांचे पोर येते, यंत्रमानवाला नाव विचारते. तो घुमट तिरका करून शीळ घालतो. पोर आईकडे वळून सांगते की तो माझ्याशी बोलला. मागे उभा असलेला माणूस भलतीकडेच बघत असतो. पाच वर्षांच्या घासण्याची मजुरी त्याला तिथे मिळते.

कधी कधी त्याहून जास्त मिळते. जुलै २०१३ मध्ये हे संमेलन जर्मनीत एसेन येथे भरले होते. चित्रपट कंपनीच्या प्रमुख कॅथलीन केनेडी हौशी मंडळींच्या दालनात आल्या. नवा चित्रपट काढायचे चालले होते. तिथे इंग्लंडचे ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स हे दोन सभासद होते. यंत्रमानव लागला तर आम्ही आहोत, असे त्यांच्याकडून सांगून झाले. एरवी असले बोलणे हवेत विरते. पण पुढे खरोखरच त्या दोघांना बोलावणे आले आणि २०१५ साली आलेल्या 'द फोर्स अवेकन्स' या चित्रपटातला आर-टू-डी-टू त्यांनी केला. कुठल्या संस्थेचा दाखला आहे, किती वर्षांचा अनुभव आहे, हे विचारण्याआधी त्यांचे काम समोर चालत होते. आमच्या ओळखीत असे किती हात आहेत, ज्यांच्या कामाला दालन मिळत नाही म्हणून अर्जावर 'शिक्षण' या रकान्यापाशीच त्यांचे पाऊल अडते!

आणि शेवटी त्या गुलाबी यंत्रमानवाविषयी. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यात केटी जॉन्सन नावाची लहान मुलगी होती. तिचे वडील अल्बिन जॉन्सन हेही या चित्रपटाचे चाहते. चित्रपटातल्या पांढऱ्या चिलखती शिपायांचे वेश करणाऱ्या चाहत्यांची मोठी संघटना त्यांनी १९९७ साली उभी केली. २००४ साली केटीच्या मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली. चित्रपटात झोपलेल्या नायिकेच्या उशाशी आर-टू-डी-टू पहारा देतो, तसा यंत्रमानव आपल्याही उशाशी असावा, असे तिला वाटत होते. वडिलांनी क्लबला विचारले. सभासदांनी एक नवा यंत्रमानव करायचे ठरवले, मुलीच्या आवडीच्या गुलाबी रंगाचा. पण वेळ कुठे होता? म्हणून तूर्त एका तयार यंत्रमानवाला गुलाबी रूप देऊन तो तिच्या भेटीला नेला. तिने त्याला मिठी मारली. ऑगस्ट २००५ मध्ये केटी गेली. ती सात वर्षांची होती.

काम थांबवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. सभासदांनी ते थांबवले नाही. कोणी घुमट दिला, कोणी पाय दिले, कोणी रात्री दिल्या आणि जुलै २००६ मध्ये यंत्रमानव पुरा झाला. त्याचे नाव आर-टू-केटी. 'द फोर्स अवेकन्स'मध्ये तो क्षणभर दिसतो, तेवढ्यात कोणी पाणी प्यायला उठले तर चुकेल. संमेलनात मात्र तो पटकन सापडतो, निळ्यांच्या रांगेत एकटाच गुलाबी. उरलेल्या दिवसांत तो आजारी मुलांच्या भेटीला इस्पितळांत जातो.