अफूचा गल्ला सरकारचा, तुरुंग मात्र गरिबाचा!

काशीच्या पंचगंगा घाटाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. तेथील बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारले; घाटावरचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. याच काशीत उत्तर प्रदेश सरकारच्या अबकारी परवान्याने भांगेची दुकाने राजरोस चालतात. घाटाखालून वाहणारी गंगा पुढे गाझीपूरला जाते. तेथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२० साली काढलेला अफूचा कारखाना आजही केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत चालू आहे. आणि त्याच अफूपासून बनणाऱ्या हेरॉईनच्या, म्हणजे गर्दच्या, आहारी गेलेला एखादा हमाल किंवा कचरावेचक पोलिसांच्या हाती सापडला, तर त्याच्यासाठी तुरुंग! नशेविषयीच्या सरकारी नीतीचे हे खरे स्वरूप आहे.

या दुटप्पीपणाला मोठा इतिहास आहे. वॉरन हेस्टिंग्जने १७७३ साली अफूच्या व्यापाराची मक्तेदारी कंपनीकडे घेतली. बनारस व बिहारमधील शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन खसखशीच्या पिकाशी जखडून टाकण्यात आले. अफूच्या पेट्या गंगेतून कलकत्त्याला जात, तेथे त्यांचा लिलाव होई आणि माल चीनमध्ये घुसवला जाई. माळव्याच्या अफूवर मुंबईचे व्यापारी गबर झाले. चीनने विरोध करताच त्या देशावर दोन युद्धे लादण्यात आली. मार्क्सने १८५८ साली 'न्यू यॉर्क डेली ट्रिब्यून'मध्ये या व्यापारावर लेख लिहून, ख्रिस्ती सभ्यतेचा टेंभा मिरवणारे ब्रिटिश सरकारच हिंदुस्थानात अफू पिकवते, हे ढोंग उघडे पाडले होते.

स्वातंत्र्यानंतर काय घडले? १९५९ पासून अफूची खुली विक्री बंद झाली; तथापि जुन्या, नोंदणीकृत व्यसनाधीनांना परवान्यावर अफू मिळत राहिली. व्यसन एका हुकमाने सुटत नाही आणि अचानक तोडल्यास माणूस मोडतो, एवढा व्यवहार तेव्हाच्या प्रशासनाला कळत होता. १९८५च्या मादक द्रव्य कायद्याने हा शहाणपणा गुंडाळून ठेवला. भांगेची पाने कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. पण कलम २७ अन्वये हेरॉईनचे नुसते सेवनही एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र ठरले. कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण देते. परंतु उपचार पूर्ण झाला नाही तर ते काढूनही घेता येते. पुन्हा घसरण होणे हे या आजाराचे लक्षणच आहे. रोग्याने रोगाचे लक्षण दाखवले म्हणून त्याला शिक्षा, असा हा न्याय!

या न्यायाची किंमत मोजावी लागते ती रक्तात. पोलिसांच्या धाकाने लपून, घाईने, एकच सुई चौघांनी वापरली की एचआयव्ही आणि हेपॅटायटिस-सी एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात. मणिपुरात १९८९-९० मध्ये वर्षभराच्या आत, तपासलेल्या सुईधारकांपैकी निम्म्यांपर्यंत एचआयव्ही पोचला होता. २०१७च्या सरकारी पाहणीतही सुईने नशा घेणाऱ्यांत त्याचे प्रमाण सहा टक्क्यांहून अधिक होते, तर देशातील प्रौढांत सुमारे ०.२ टक्के.

उपाय अज्ञात नाहीत. स्वच्छ सुया-सिरिंजा द्याव्यात. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे पर्यायी औषध रोज देखरेखीखाली द्यावे, म्हणजे तलफेची यातना थांबते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो. अतिमात्रेने श्वास मंदावलेल्यास नालोक्झोन टोचावे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. मुंबईच्या रस्त्यांवर 'संकल्प'सारख्या संस्थेने हे काम करून दाखवले आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ने स्वच्छ सुया देणे गुन्हा नाही, असे स्पष्ट केले आहे. म्हणजे एक कायदा सुई हाती देतो आणि दुसरा तीच सुई पाहून हातकडी घालतो!

'सुया वाटणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन' असा आक्षेप घेतला जातो. ज्याला सुई दिली जाते तो आधीपासूनच टोचून घेत असतो. प्रश्न एवढाच, की तो जिवंत राहून उद्या उपचाराच्या दारात येणार की नाही. व्यसनमुक्तीच्या कार्याला हा विरोध नव्हे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने असंख्य घरे सावरली. पण ज्याला आज सोडता येत नाही, त्याने उद्यापर्यंत जगावे कसे, याचेही उत्तर हवे.

दुसरा आक्षेप आपल्याच वर्तुळात ऐकू येतो : हे लोक लुंपेन आहेत, संघटनेच्या कामाचे नाहीत, आणि क्रांतीनंतरच्या चीनने अफू कठोरपणेच संपवली नाही काय? या कॉम्रेड्सनी एंगल्सचे १८४५चे पुस्तक पुन्हा उघडावे. इंग्लंडच्या कामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूमिश्रित औषध पाजत. एंगल्सने आरोपी ठरवले ते त्या मातांना नव्हे, त्यांना तसे जगायला लावणाऱ्या व्यवस्थेला. आणि चीन? तेथे अफू हटली ती जमिनीच्या फेरवाटपाबरोबर, सत्तेच्या आमूलाग्र बदलाबरोबर. केवळ दंडुक्याने नव्हे. पुढे हेरॉईन आले तेव्हा त्याच चीनने २००४ साली मेथाडोन केंद्रे उघडली. अनुकरण करायचे तर पुरते करावे.

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९च्या अहवालानुसार देशात सुमारे ८.५ लाख लोक सुईने नशा घेतात, आणि अफूजन्य द्रव्यांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख आहे. २०२०च्या 'नशामुक्त भारत' अभियानातील शपथा आणि प्रभातफेऱ्यांनी यांतील कोणाचे रक्त शुद्ध होणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सेवनासाठी तुरुंगवास रद्द करा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि प्रत्येक कारागृहात पर्यायी औषध मोफत द्या. स्वच्छ सुया देणाऱ्या कार्यकर्त्यांमागचा पोलिसी ससेमिरा थांबवा आणि त्यांना मानधन नव्हे, वेतन द्या. दंडुका उगारायचाच असेल तर तो व्यापाराच्या सूत्रधारांवर उगारा.

हमाल, रिक्षाचालक, सफाई कामगार यांच्या संघटनांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात घातला पाहिजे. फलाटावर आणि घाटावर मरणारा हा माणूस आपल्याच वर्गाचा आहे. त्याला वाचवणे ही दया नव्हे. ते आपले काम आहे.