एक कागद, अनेक खुणा

वडिलांच्या छातीत रात्री दुखू लागते. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, ‘मागचा कार्डिओग्राम कुठे आहे?’ तो घरच्या संगणकात आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण कोणत्या फोल्डरमध्ये? थोरल्याने ‘बाबा’मध्ये ठेवला, सुनेने ‘दवाखाना’मध्ये, की दाव्यासाठी लागला म्हणून ‘विमा’मध्ये? नावावरून शोधावे, तर स्कॅनरने दिलेले नाव म्हणजे नुसते आकडे. कागद हरवलेला नसतो. ठेवणाऱ्याच्या मनातली वाट शोधणाऱ्याला माहीत नसते, इतकेच.

फोल्डर म्हणजे कपाटाचा खण. वस्तू एका वेळी एकाच खणात राहते. म्हणून काहीजण तीन फोल्डरमध्ये तीन प्रती ठेवतात. हा उपाय महागात पडतो. औषधांची यादी बदलली की एका प्रतीत दुरुस्ती होते आणि उरलेल्या दोन जुन्याच राहतात.

ग्रंथपालांपुढे हाच प्रश्न फार पूर्वी उभा होता. पुस्तक एकाच फळीवर राहते, पण त्याची कार्डे लेखक, शीर्षक आणि विषय अशा निरनिराळ्या ठिकाणी लावता येतात. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी तर १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरण पद्धतीत एकेका विषयाचे पैलू सुटे केले आणि ते अपूर्णविरामाने जोडले. विषयाला अनेक बाजू असतात, हे त्यांनी पद्धतीतच बसवले.

संगणकात हे कार्डाचे काम ‘टॅग’ म्हणजे खुणा करतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘टीएमएसयू’ नावाचे मोफत साधन आहे. त्यात माऊस लागत नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या. सुरुवातीला ‘इनिट’ ही आज्ञा एकदा दिली की खुणांची वही तयार होते. मग ‘टॅग’ ही आज्ञा, त्यापुढे फाइलचे नाव आणि त्यापुढे हव्या तितक्या खुणा: बाबा, हृदय, विमा, वर्ष=२०१९. फाइल जागची हलत नाही, तिची प्रतही होत नाही. शोधताना ‘फाइल्स’ या आज्ञेपुढे ‘बाबा’ आणि ‘हृदय’ लिहिले की दोन्ही खुणा असलेल्या फाइलींचीच यादी समोर येते. ‘बाबा हवे, पण विमा नको’ असेही विचारता येते.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. खुणा फाइलमध्ये नसून वेगळ्या वहीत असतात. फाइल ईमेलने पाठवली तर खुणा सोबत जात नाहीत. तिचे नाव किंवा जागा परस्पर बदलली, तर वहीतला पत्ता चुकतो आणि ‘रिपेअर’ ही आज्ञा देऊन तो दुरुस्त करावा लागतो. म्हणून फाइलींची जादा प्रत काढून ठेवताना वहीचीही काढावी.

दुसरी गोष्ट शब्दांची. एकाने ‘दवाखाना’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘हॉस्पिटल’, तर संगणकाला त्या दोन वेगळ्या खुणा वाटतात. ‘मर्ज’ या आज्ञेने त्या एक करता येतात, पण आधीच ठरवणे सोपे. घरातल्यांनी एकत्र बसून वीसेक शब्द ठरवावेत आणि ती यादी संगणकाशेजारी चिकटवावी.

सगळ्या फाइलींना एका दिवसात खुणा लावायला बसू नये. उत्साह तिसऱ्या दिवशी ओसरतो. आधी औषधपाणी, विमा आणि घराचे कागद घ्यावेत. मग ज्याने खुणा लावल्या नाहीत, अशा घरातल्या माणसाला एक कागद शोधायला सांगावे. त्याला तो मिनिटभरात सापडला, तर व्यवस्था लागली असे समजावे. कारण अडचणीच्या रात्री खुणा लावणारा घरी असेलच, असे नाही.